मतलबचे ऋण

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी मदतीचा ओघ एका हुकमासरशी थांबविला, आणि थोड्याच दिवसांत ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्राने अमेरिकी पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांतील हजाराहून अधिक कर्मचाऱ्यांना सेवामुक्तीची पत्रे दिली. जुलैत तर मदत देणारी यूएसएड ही यंत्रणाच बंद झाली. परक्या देशातील नोकरकपात म्हणून ही बातमी बाजूस सारणे आम्हास योग्य वाटत नाही. गरिबांच्या रोगांवरचे शास्त्र कोणाच्या मर्जीवर जगते, हा प्रश्न तिने उघड्यावर आणला आहे.

या केंद्राचा जन्मच मोठा बोलका आहे. १९६० साली ते सुरू झाले ते सीटो या लष्करी कराराच्या छत्राखाली. कॉलऱ्याची चिंता होती, पण त्यात पूर्व बंगालच्या शेतकऱ्यांइतकीच आग्नेय आशियात उतरणाऱ्या फौजांचीही होती. १९६३ मध्ये ढाक्याच्या दक्षिणेस, नद्यांच्या जाळ्यातील मतलब या भागात केंद्राने ठाणे मांडले. (मराठी वाचकाला या नावात जो श्लेष दिसेल तो योगायोगाचा आहे, पण अगदीच अस्थानी नाही.) १९६६ पासून तेथे घरोघर जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नोंद ठेवली जाऊ लागली. दोन लाखांहून अधिक माणसांची इतकी दीर्घ व काटेकोर नोंदवही गरीब देशांत क्वचितच सापडेल. साम्राज्यवाद्यांच्या हेतूंतून जनतेच्या हाती कधीकधी असे काही लागते. ते फेकून द्यायचे नसते, ताब्यात घ्यायचे असते. १९७८ मध्ये बांगलादेश सरकारच्या अध्यादेशाने हे केंद्र आंतरराष्ट्रीय संस्था झाले. ताबा बदलला, तिजोरीची किल्ली मात्र बाहेरच राहिली.

तेथील डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश आणि त्यांचे बंगाली सहकारी यांनी १९६८ साली दाखवून दिले की, मीठ व साखर योग्य प्रमाणात मिसळलेले पाणी तोंडाने पाजले तर कॉलऱ्याच्या रोग्याला शिरेतून द्यावयाच्या सलाइनची गरज कितीतरी कमी होते. खरी कसोटी लागली ती १९७१ मध्ये, आपल्याच भूमीवर. बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी पिंपांतून हे पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. छावणीत तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या रोग्यांत चार टक्क्यांच्या आत आले. आपल्या खेड्यांत ज्याला जलसंजीवनी म्हणतात ती हीच.

पुढे ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशातील सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन मातांना तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे प्रमाण शिकविले. शिकविणाऱ्या स्त्रियांचे वेतन आईच्या ध्यानात किती राहिले यावर ठरे. तरीही प्रारंभी वापर फारच थोडा होता. मग उमगले की घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते! तेव्हा बाजारात व मशिदीत सभा सुरू झाल्या. ‘लोकांना पटवून दिले’ असा अहवाल धाडून मोकळे होणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी या प्रकरणाचा अभ्यास अवश्य करावा.

परंतु जुलाबातून वाचलेले मूल कुपोषणातून वाचतेच असे नाही. स्क्रिमशॉ, टेलर व गॉर्डन यांनी १९५९ मध्येच हे दुष्टचक्र मांडले होते. ताप-जुलाबाने भूक मरते, पोटात गेलेले अंगी लागत नाही. खंगलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती ढासळते, आणि पुढचा रोग अधिक जोराने येतो. अशा अतिकुपोषित मुलाला घाईने शिरेतून पाणी दिले तर त्याचे दुबळे हृदय ते पेलू शकत नाही. ढाक्यातील डॉक्टरांनी पाणी सावकाश व शक्यतो तोंडानेच देणे, लगेच अन्न सुरू करणे, रक्तातील साखर सांभाळणे आणि प्रतिजैविके देणे अशी शिस्त घालून दिली. मृत्यूचे प्रमाण १७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर उतरल्याचे त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी न्यूमोनियाने धापणाऱ्या मुलांसाठी शाम्पूच्या रिकाम्या बाटलीतून बुडबुड्यांच्या दाबाचे श्वसनसाधन रचले. २०१५ मधील त्यांच्या चाचणीत नेहमीच्या प्राणवायूवरील मुलांपैकी १५ टक्के दगावली, तर या साधनावरील ४ टक्के.

अलीकडचे संशोधन आतड्यात उतरले आहे. कुपोषित मुलाच्या आतड्यातील जंतुसृष्टी वयाच्या मानाने अपक्व राहते, असे २०१४ मध्ये दिसून आले. २०२१ मध्ये मीरपूरच्या वस्तीतील सुमारे सव्वाशे मुलांवरील चाचणीत हरभरा, सोयाबीन, भुईमूग व कच्चे केळे यांच्या मिश्रणाने, उष्मांक कमी असूनही, प्रचलित पूरक आहारापेक्षा वजन अधिक वाढले. शोध मोलाचा आहे, यात शंका नाही. भीती एवढीच की उद्या त्याची चकचकीत पुडी होईल आणि ज्या बाईच्या परसात केळ आहे तिलाच ती विकली जाईल.

याहून महत्त्वाचा, पण कमी गाजलेला निष्कर्ष २०१८ चा आहे. ग्रामीण बांगलादेशात साडेपाच हजारांवर गरोदर स्त्रियांच्या कुटुंबांना गटागटाने क्लोरीन, सुधारित संडास, हात धुण्याची सोय आणि बाळांना पूरक आहार देऊन पाहिले. संडास व हात धुण्याने जुलाब कमी झाले. उंची मात्र फक्त आहार मिळालेल्या मुलांची वाढली, आणि तीही किंचित. यावरून ‘स्वच्छता निरुपयोगी’ असे म्हणणारे निघाले. आम्हास त्यातून दुसरेच दिसते. एका घराच्या अंगणात संडास बसविला आणि शेजारचे तळे, गल्ली व गोठा होते तसेच ठेवले, तर बाळ त्याच घाणीत रांगते. घरपट्टी सुधारणेने हे सुटणार नाही. त्यास गावभर नळ, गटारे आणि पुरेशी मजुरी लागते, आणि हा खर्च कोणत्याही दात्याच्या तीन वर्षांच्या प्रकल्पात बसत नाही.

वयाच्या मानाने खुज्या मुलांचे प्रमाण बांगलादेशात २००७ साली ४३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २४ वर आले. आपल्या देशात २०१९-२१ च्या पाहणीत ते ३५.५ टक्के होते. भारतीयांनी हे आकडे मान खाली घालून वाचावेत. तथापि वाळलेल्या मुलांचे प्रमाण २०२२ मध्ये तेथेही ११ टक्के होते, आणि त्यांच्यासाठी राबणाऱ्यांच्या हाती सेवामुक्तीची पत्रे आहेत.

दात्याच्या हुकमाने बांगलादेश उपाशी राहण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९७४ च्या दुष्काळात, क्युबाला तागाची पोती विकली या अपराधासाठी अमेरिकेने धान्याची जहाजे अडवून धरली होती. तेव्हा धान्य अडले, आता संशोधन अडले. मतलबच्या मुलांच्या शरीरावर सिद्ध झालेले ज्ञान भारताने विनामूल्य वापरले आहे. आमची मागणी आहे की, दक्षिण आशियातील सरकारांनी ही नोंदवही व हे रुग्णालय चालविण्याच्या खर्चाचा वाटा उचलावा आणि त्याची सुरुवात भारताने करावी. दिल्लीचे ढाक्याशी सध्या कसे जमते, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. १९७१ मध्ये बनगावला कोणी तो विचारला नव्हता. संसदेतील आमच्या साथींनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात हा विषय उपस्थित करावा आणि आरोग्य संशोधनाच्या तरतुदीतून किती रक्कम वळविता येईल ते मंत्र्यांकडून वदवून घ्यावे.