हात हलू द्या

स्वमग्न मुलाच्या थेरपीची फाइल उघडली की उद्दिष्टांच्या पानावर तीन वाक्यं हमखास सापडतात. नजरेला नजर देईल. वीस मिनिटं एका जागी बसेल. हात हलवणं थांबवेल. पालकांच्या तोंडीही हेच रुळलंय : ‘आय कॉन्टॅक्ट अजून आला नाही हो, सिटिंगही कच्चंच आहे.’ इतकी वर्षं या मुलांना शिकवून माझं मत असं झालंय, की या तिन्हींमधून मुलाच्या पदरात फारसं काही पडत नाही. ते चारचौघांत उठून दिसत नाही, एवढंच. आणि त्याने सोय होते ती आपली.

या यादीला इतिहास आहे. लॉस एंजेलिसचे मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. आठवड्याला ४० तास एकास एक शिकवलेल्या १९ लहानग्यांपैकी ९ जण ‘सर्वसामान्य’ झाले, असा त्यांचा दावा होता. चुकलं की मोठ्याने ‘नो’, प्रसंगी मांडीवर फटका, हाही त्या पद्धतीचा भाग. पुढे फटका गेला. मूल इतरांत वेगळं ओळखू येऊ नये ही कसोटी मात्र राहिली, आणि ती आपल्याकडच्या गल्लीबोळातल्या थेरपी सेंटरांपर्यंत पोचली.

नजरेचंच घ्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूचित्रणाच्या एका अभ्यासात स्वमग्न व्यक्तींना समोरच्या चेहऱ्यातल्या डोळ्यांवरच नजर ठेवायला लावलं, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या खोलवरच्या भागांत इतरांपेक्षा जास्त खळबळ दिसली. नजर चुकवणं हा त्या खळबळीवरचा त्यांचा उपाय असावा. खिडकीकडे तोंड करून गोष्ट ऐकणारी मुलं मी रोज बघते. नंतर तीच मुलं गोष्टीतली चित्रं बिनचूक क्रमाने लावतात. (गंमत बघा, मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला म्हणून आपल्या पिढीने धपाटे खाल्लेत.)

हातांचंही तेच. कुकरची शिट्टी, मिक्सर, वर्गातल्या पंख्याची खरखर, ओळीने सगळं अंगावर येत असताना हात फडफडवून ते मूल स्वतःला जागेवर ठेवतं. ते हात दाबून धरले की खरखर थांबत नाही, सावरायचं साधन तेवढं जातं. मोठे झालेले स्वमग्न लोक हे आता स्वतःच लिहितात, बोलतात. आपण त्यांना विचारायला फार उशीर केला.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बडबडीने. एक मुलगा वर्गात मधूनच लोकलमधल्या बाईंच्या आवाजात म्हणायचा, ‘पुढील स्टेशन दादर.’ आधीच्या अहवालात यापुढे शेरा होता : निरर्थक बोलणे, दुर्लक्ष करावे. बॅरी प्रिझंट या अमेरिकन वाचातज्ज्ञाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं, की अशा पुनरुच्चारांतून ही मुलं मागतात, नाकारतात, स्वतःला धीर देतात. म्हणून आम्ही नुसतं टिपत गेलो. दादर कधी येतं? समोरचं काम डोक्यावरून जायला लागलं की येतं. त्याच्या हिशेबात दादर म्हणजे इथून उतरायचं. त्याला ‘पुरे’चं चित्र दिलं. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘जेलो’ या ॲपवर अशी चित्रं दाबली की ती बोलतात. आता तो चित्र दाबतो. घाई असली की मात्र दादरच.

त्या मुलाची मराठी लोकलच्या स्पीकरमधून आली, हे मला फार आवडतं. कारण बऱ्याच घरांत उलटा सल्ला पोचलेला असतो : एकच भाषा बोला, आणि ती इंग्रजी. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडतं, याला आजवरच्या संशोधनात आधार सापडलेला नाही. पण सल्ला पाळणाऱ्या घरात ज्या आजीच्या मांडीवर मूल शांत होतं, तिलाच ‘सिट’ आणि ‘ईट’वर दिवस काढावा लागतो.

याचा अर्थ सगळंच गोड मानून घ्या असा नाही. भिंतीवर डोकं आपटणं, चावणं, रस्त्यावर पळत सुटणं थांबवायलाच हवं, आणि तेही दात दुखतोय की पोट, हे शोधून. काही मुलांना जन्मभर कुणीतरी सोबत लागेल. रात्र रात्र जागणाऱ्या आईला बाहेरच्याने ‘वेगळेपण साजरं करा’ म्हणून सांगणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. त्याहून मला चीड येते ती कौतुकाला लावलेल्या अटीची. १९८८ च्या ‘रेन मॅन’ या चित्रपटापासून प्रत्येक पाहुणा विचारतो, ‘मग याचं गणित जबरदस्त असेल ना?’ बहुतेक मुलांचं नसतं. दोन एप्रिलला, जागतिक स्वमग्नता दिनी, या मुलांच्या चित्रांची प्रदर्शनं भरतात, भरोत. बाटल्यांची झाकणं रंगाच्या छटेनुसार लावत बसणारी मुलगी त्यातून काहीही विकणार नाही, बक्षीसही मिळवणार नाही. तिला ते आवडतं, एवढं कारण पुरेसं का नसावं?

उद्दिष्टं लिहायचीच, तर मी पहिलं लिहीन : ‘नको’ म्हणता येईल. मग दुखतंय कुठे ते दाखवेल, शू लागली की सांगेल, ढोल-ताशा आला की हेडफोन स्वतः लावेल. ‘नको’ पहिलं, कारण दिवसभर ‘बस म्हटलं की बस, हात दे म्हटलं की दे’ असं घडवलेलं मूल उद्या वाईट हेतूने हात लावणाऱ्याचंही ऐकेल. आज्ञाधारक मूल सुरक्षित असतं, ही समजूत या मुलांच्या बाबतीत तर फारच महाग पडते.

यावर पालक विचारतात, ‘ताई, आम्ही ऐकू, शाळा ऐकेल का?’ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. सरकारमान्य शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता घ्यावं आणि त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात, ही त्या कायद्याची अपेक्षा आहे. त्या सोयी स्वस्त असतात : मागे उभं राहून शिकायची परवानगी, हेडफोन, घंटेपासून लांबचा बाक, थकल्यावर जायला एक कोपरा. प्रवेशाच्या दिवसांत हे तोंडी बोलून उपयोग नाही. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.