आकाशाचा पहारा

एखाद्या राष्ट्राची व्यवस्था खिळखिळी करण्यासाठी दरवेळी सैन्य, तोफा आणि रणगाडेच लागतात असे नाही, हे सत्य १९ डिसेंबर २०१८ च्या रात्री ब्रिटनला उमगले. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर रात्री नऊच्या सुमारास ड्रोन दिसल्याची वर्दी आली आणि वापरात असलेली एकमेव धावपट्टी तत्काळ बंद करण्यात आली. पहाटे ती काही काळ उघडली, पुन्हा वर्दी आली आणि पुन्हा बंद झाली. अखेर लष्कराला पाचारण करावे लागले. २१ डिसेंबरच्या सकाळी विमाने उडू लागली, तोवर ऐन नाताळच्या तोंडावर सुमारे एक हजार उड्डाणे रद्द झाली होती किंवा अन्यत्र वळवावी लागली होती आणि सुमारे १ लाख ४० हजार प्रवाशांचे हाल झाले होते.

यानंतर जे घडले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. पोलिसांनी एका दांपत्याला अटक केली, वृत्तपत्रांनी त्यांना जगापुढे उभे केले आणि लवकरच त्यांचा या प्रकाराशी काहीही संबंध नसल्याचे निष्पन्न झाले. पुढे त्यांना नुकसानभरपाई द्यावी लागली. ड्रोन दिसल्याच्या १२९ नोंदी झाल्या. त्यांतील १०९ साक्षी विश्वासार्ह असल्याचे पोलिसांनी सांगितले. तरीही सप्टेंबर २०१९ मध्ये तपास थांबला तेव्हा एकही गुन्हेगार हाती लागलेला नव्हता. ते ड्रोन कोणाचे, किती आणि कोठून आले, याचे उत्तर आजही मिळालेले नाही. एका प्रगत राष्ट्राचे दुसऱ्या क्रमांकाचे विमानतळ केवळ एका संशयाने दीड दिवस ओलीस धरले गेले, हे या प्रकरणाचे सार आहे.

असे का घडते? विमानतळावरील रडार मोठ्या, धातूच्या आणि उंचावरून उडणाऱ्या विमानांसाठी असते. झाडांच्या शेंड्यांलगत उडणारे काही किलो वजनाचे प्लास्टिकचे यंत्र त्याला पक्ष्यासारखे भासते किंवा दिसतच नाही. दिसले तरी पाडायचे कसे, हा प्रश्न उरतोच. गोळी झाडली तर ती वस्तीत पडण्याचा धोका. ड्रोनच्या संदेशलहरी रोखाव्यात, तर विमानतळाची स्वतःची उपकरणे बाधित होण्याची भीती. आणि मार्ग आधीच आखून सोडलेल्या ड्रोनला अशा लहरींची फारशी गरजही नसते. दुसरीकडे, नुकतेच उड्डाण केलेल्या विमानाच्या इंजिनात पक्षी शिरला तरी काय होऊ शकते, हे जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दिसले. तेथे एका प्रवासी विमानाला थेट हडसन नदीत उतरावे लागले. ड्रोनमधील बॅटरी आणि मोटार तर पक्ष्याच्या हाडामांसाहून कितीतरी कठीण. त्यामुळे शंका येताच धावपट्टी बंद करण्यावाचून अधिकाऱ्यांपुढे पर्याय राहत नाही. खोडसाळ पोराला आणि शत्रूच्या हस्तकाला हे सारखेच ठाऊक असते.

ब्रिटनच्या या अनुभवातून युरोप किती शहाणा झाला? २२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री कोपनहेगनचे विमानतळ जवळजवळ चार तास बंद पडले, त्याच रात्री ऑस्लोतही उड्डाणे थांबली. पाठोपाठ ऑक्टोबरच्या प्रारंभी म्युनिकची उड्डाणे रद्द करून येणारी विमाने इतर शहरांकडे वळवावी लागली. त्यानंतर, ८ ऑक्टोबरला, पोलिसांना ड्रोन पाडण्याचा अधिकार देणाऱ्या प्रस्तावास जर्मन मंत्रिमंडळाने मान्यता दिली. गॅटविकनंतर सात वर्षांनीही, समोर ड्रोन दिसला तर तो पाडायचा अधिकार कोणाचा, याची चर्चाच चालू होती! घर लुटले गेल्यावर कुलूप आणायला निघण्याचाच हा प्रकार.

भारताला मात्र अशी दिरंगाई परवडणारी नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर ड्रोनसदृश वस्तू दिसल्याने वाहतूक थांबवावी लागली होती. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इम्फाळचे विमानतळ अशाच कारणाने काही तास बंद राहिले, विमाने वळवली गेली आणि शोधासाठी वायुसेनेची राफेल विमाने झेपावली. या दोन्ही घटनांच्या मधल्या काळात, २७ जून २०२१ रोजी, जम्मूच्या वायुसेना तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी पाकिस्तानने एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडले. आपल्या सैन्याने तो हल्ला निष्फळ ठरवला. पण त्या संघर्षात उत्तर आणि पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीसाठी बंद ठेवावे लागले, हे विसरून चालणार नाही.

सीमेवरील सैन्याच्या सिद्धतेविषयी देशाला विश्वास आहे. चिंता आहे ती नगरांच्या मध्यभागी असलेल्या विमानतळांची. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवर २०१८ मध्ये २४ तासांत एक हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली होती. कुर्ला, घाटकोपर, अंधेरीच्या दाट वस्त्या कुंपणाला भिडलेल्या आहेत. कोणत्याही गच्चीवरून सोडलेला एक ड्रोन येथे काय घडवू शकतो, याची कल्पना करण्यास गॅटविकचे उदाहरण पुरेसे आहे. पुण्याचे लोहगाव तर वायुसेनेचा तळ आणि गोव्याचे दाभोळी नौदलाचा. तेथे प्रवाशांच्या सोयीइतकाच राष्ट्रसंरक्षणाचाही प्रश्न आहे.

शासनाने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. घातक ड्रोनचा प्रतिकार कसा करावा, याची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये आली. २०२१ च्या ड्रोन नियमांनी लाल, पिवळे आणि हिरवे असे आकाशाचे विभाग पाडले. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने विकसित केलेली स्वदेशी ड्रोनविरोधी यंत्रणा २०२० च्या प्रजासत्ताकदिनी आणि २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी तैनात होती. लाल किल्ल्याचे एका दिवसाचे रक्षण करणारी यंत्रणा वर्दळीच्या विमानतळांवर वर्षाचे ३६५ दिवस उभी राहावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

यंत्र आले तरी काम संपत नाही. मुंबई-दिल्लीसारख्या विमानतळांवर कुंपणाच्या आत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, कुंपणाबाहेर राज्याचे पोलीस, विमानांच्या ये-जा नियंत्रणासाठी विमानतळ प्राधिकरण आणि हवाई संरक्षणासाठी वायुसेना, अशी जबाबदारी विभागलेली आहे. ड्रोन दिसल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत निर्णय कोणी घ्यायचा, तो पाडण्याची आज्ञा कोणाची आणि 'आकाश निर्वेध आहे' असे सांगून धावपट्टी उघडण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रत्येक विमानतळावर नावानिशी ठरलेले असले पाहिजे आणि त्याचा सरावही झाला पाहिजे. चौघांची जबाबदारी असते ती अनेकदा कोणाचीच उरत नाही. शिक्षेचाही विचार व्हावा. २०२१ च्या नियमांनी दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये ठेवली. शेकडो प्रवाशांचे प्राण धोक्यात घालणाऱ्या कृत्यास ही वचक पुरेशी नाही. ब्रिटनमध्ये अशा कृत्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

याचा अर्थ ड्रोनवर सरसकट बंदी घालावी, असा मुळीच नाही. 'स्वामित्व' योजनेत गावठाणांची मोजणी याच यंत्राने केली आणि ग्रामस्थांच्या हाती घराच्या मालकीचा कागद आला. 'नमो ड्रोन दीदी' योजनेतून बचत गटांच्या भगिनी शेतात फवारणी करू लागल्या आहेत. मोजक्या बेजबाबदारांपायी या कष्टकऱ्यांच्या हातचे साधन काढून घेणे हा पराभवच ठरेल.

म्हणूनच शासनाइतकीच जबाबदारी समाजाची आहे आणि तिचा प्रारंभ स्वतःपासून झाला पाहिजे. आज लग्नसमारंभ, गणेशोत्सवाच्या मिरवणुका आणि वर्षप्रतिपदेच्या शोभायात्रा यांचे चित्रीकरण ड्रोनने करण्याची हौस वाढली आहे. हे चित्रीकरण करणाऱ्याकडे नोंदणी आणि अनुमती आहे काय, आपला परिसर कोणत्या विभागात येतो, असे किती मंडळांचे कार्यकर्ते आवर्जून विचारतात? राष्ट्रभक्तीच्या घोषणा देणाऱ्या मिरवणुकीनेच राष्ट्राचा नियम मोडावा, यासारखी विसंगती नाही. तसेच, आकाशात काही संशयास्पद दिसल्यास त्याची चित्रफीत भ्रमणध्वनीवरून सर्वत्र फिरवण्याऐवजी आधी पोलिसांना कळवणे हे सुजाण नागरिकाचे कर्तव्य आहे. अफवेने निरपराध माणसे कशी होरपळतात, हे गॅटविकच्या त्या दांपत्याने अनुभवले आहे.

शिवरायांच्या काळी गडाचा दरवाजा सूर्यास्ताला बंद होई आणि तो कोणासाठीही अवेळी उघडत नसे, असे सांगितले जाते. त्या शिस्तीवरच गड उभे होते. आजच्या गडांना तटबंदी नाही आणि त्यांचा दरवाजा आकाशात आहे. तेथे पहाऱ्याला शासनाने सजग यंत्रणा उभी करावी आणि समाजाने तिला शिस्तीचे बळ द्यावे. या दोहोंपैकी एकही उणे पडले, तर खेळण्याच्या किमतीचे यंत्र महानगराला वेठीस धरू शकते.