हिमालयाची सहल मेमध्येच कशाला?

मार्च उजाडला की मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांतून सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. त्यांत शिमला, मनाली, काश्मीर, दार्जिलिंग, चारधाम हमखास असतात आणि निघण्याच्या तारखा बहुतेक मे महिन्यातल्या असतात. कारण उघड आहे: मुलांना सुट्टी असते आणि इथे अंगाची लाही होत असते. म्हणजे हिमालयात कधी जायचे, हे आपण हिमालयाकडे नव्हे, आपल्या घरातल्या उकाड्याकडे बघून ठरवतो. नंगा पर्वतापासून नामचा बरवापर्यंत सुमारे २४०० किलोमीटर पसरलेल्या पर्वतरांगेला एकच ‘सीझन’ असणार नाही, हे कुणीही मान्य करील. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. हिमालयातला ऋतू गारवा बघून निवडायचाच नसतो. हवेतले पाणी बघून निवडायचा असतो. ही कसोटी लावली, तर बहुतेक मराठी कुटुंबांसाठी मेपेक्षा दिवाळीची सुट्टी कितीतरी सरस ठरते.

डोंगरात तापमान ही सर्वांत सहज बदलता येणारी गोष्ट आहे. हजार मीटर वर चढले की पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. हल्द्वानीत घामाच्या धारा लागल्या असतील, तर नैनिताल दोन तासांच्या आत गाठता येते आणि तिथे संध्याकाळी स्वेटर काढावा लागतो. गारवा असा उंची गाठून कोणत्याही महिन्यात मिळवता येतो. पण धुरकट हवा, दिवसचे दिवस न उघडणारा पाऊस, दरड कोसळून अडलेला रस्ता, बर्फाने बंद झालेली खिंड, यांच्यावर आणखी वर चढण्याचा उपाय चालत नाही. तिथे एकतर महिना बदलावा लागतो, नाहीतर डोंगराची बाजू.

डोंगराची बाजू म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. हिमालयात हाच खेळ अधिक उंचीवर चालतो. धौलाधारच्या पायथ्याशी धरमशाला पावसाळ्यात अक्षरशः झोडपली जाते, तर लेहला सगळ्या वर्षात शंभर मिलिमीटरच्या आसपास पाणी मिळते. हा फरक सर्वांत कमी वेळात दिसतो तो अटल बोगद्यात. ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झालेला हा नऊ किलोमीटरचा बोगदा पीर पंजालच्या पोटातून जातो. ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूने आत शिरताना काचेवर वायपर चालू असतो, देवदारांच्या शेंड्यांवर ढग लोंबत असतात, रस्त्याकडेच्या प्रत्येक घळीतून पाणी धावत असते. पंधरा मिनिटांच्या आत गाडी लाहौलमध्ये बाहेर पडते आणि पुष्कळदा समोर कोरडे, तपकिरी उतार दिसतात, त्यांच्या खाली पाटाच्या पाण्यावर वाढलेली वाटाण्याची आणि बटाट्याची हिरवी शेते. तारीख तीच, जिल्हा मात्र दुसरा आणि ऋतूही दुसरा.

आता मे महिना या कसोटीवर घासून बघू. कुमाऊँ-गढवालच्या मधल्या पट्ट्यात चीड पाइनची जंगले आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या वाळलेल्या सुयांचा, ज्यांना तिकडे पिरूल म्हणतात, जमिनीवर जाड थर साचतो आणि त्या राळेने भरलेल्या असल्यामुळे ठिणगीसरशी पेटतात. २०१६ आणि २०२४ च्या वणव्यांत आग विझवायला हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली होती. मोठा वणवा नसला तरी मैदानातली धूळ आणि डोंगरातला धूर मिळून एक पांढरट पडदा तयार होतो. कौसानीला माणूस जातो तो त्रिशूल आणि नंदादेवी बघायला. मेमध्ये त्या जागी बऱ्याचदा नुसते पांढुरके आकाश असते. पूर्वेकडे दार्जिलिंग-सिक्कीममध्ये एप्रिल-मे हे ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांचे दिवस, ते मोलाचेच. पण दुपारचा वळीव आणि सकाळची धुरकट हवा यांतून कांचनजंगा दिसेलच, याची खात्री नसते. शिवाय ईशान्येत मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यातच दाखल होतो, म्हणजे मेअखेरची सहल त्याच्या उंबरठ्यावरच असते. काश्मीरचे गणित आणखी वेगळे. तिथला मुख्य पाऊस मोसमी वाऱ्यांचा नसून हिवाळा-वसंतात येणाऱ्या पश्चिमी झंझावातांचा आहे; त्यामुळे ट्यूलिपच्या बहराचे दिवस हेच श्रीनगरच्या पावसाचेही दिवस असतात.

मोसमी पाऊस माघारी फिरतो तेव्हा सगळे चित्र पालटते. परतीचा प्रवास पश्चिमेकडून सुरू होतो: हिमाचल-उत्तराखंडमधून सप्टेंबरअखेर, ईशान्येतून ऑक्टोबरच्या मध्याला. धूळ-धूर धुऊन निघालेला असतो, वणवे नसतात आणि हिवाळी झंझावातांनी अजून जोर धरलेला नसतो. या दोन-चार आठवड्यांच्या फटीतच आपली दिवाळीची सुट्टी येते. मुनस्यारीतून पंचचुलीची पाच शिखरे एकेक कड मोजता येईल अशी दिसतात. दार्जिलिंगहून ८५८६ मीटर उंचीची कांचनजंगा पहाटे आधी गुलाबी, मग पिवळी, मग लख्ख पांढरी होते आणि सकाळभर तशीच राहते. काश्मिरात चिनार तांबडे होतात, पांपोरच्या वाफ्यांत केशराची जांभळी फुले उमलतात.

यावर पहिला आक्षेप बर्फाचा. मुलांना बर्फात खेळायचे आहे, आणि मेमध्ये रोहतांगला ते मिळते. ही इच्छा खरी आहे आणि तेवढ्यापुरता मे चुकीचा नाही. पण रोहतांगला रोज १२०० पर्यटक गाड्यांचीच मर्यादा आहे, आणि पायाखाली येते ते उन्हाने बसलेले, चाकांनी मळवलेले जुने बर्फ. खरे भुसभुशीत बर्फ हवे असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्ग किंवा औलीला जावे. दुसरा आक्षेप थंडीचा. घरात आजी-आजोबा असतील, तर नोव्हेंबरची रात्र त्यांना सोसणार नाही, दिवसही लहान; दार्जिलिंगला तेव्हा पाचच्या आत सूर्य मावळतो. त्याचे उत्तर मघाचेच: मुक्कामाची उंची कमी ठेवा. दोन हजार मीटरच्या खाली राहूनही शिखरे दिसतात, कारण हवा स्वच्छ असते. उलट वयस्कर मंडळींना मेच्या गर्दीत तासन्‌तास घाटात अडकून बसणे जास्त जड जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हवामानच बिघडले आहे, मग पंचांग बघून उपयोग काय? ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तराखंडात परतीचा पाऊस असा कोसळला की मुक्तेश्वरला एका दिवसात ३४० मिलिमीटरची नोंद झाली. ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हिमतलाव फुटून तीस्ता खोरे उद्ध्वस्त झाले. कोरड्या लडाखमध्येही ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत लेहची वस्ती वाहून गेली, म्हणून पर्जन्यछाया म्हणजे अभय नव्हे. हे सगळे मान्य करूनही तुलना उरतेच. जोखीम जास्त असते जून ते सप्टेंबर या काळात, हे २०१३ च्या केदारनाथपासून २०२३ च्या बियास खोऱ्यापर्यंत पुन्हा पुन्हा दिसले आहे. ऑक्टोबरच्या उदाहरणांवरून शिकायचे ते एवढेच, की दसऱ्याची घाई करू नये आणि दिवाळी लवकर आली तर सुट्टीचा उत्तरार्ध निवडावा. फुलांची दरी बघायची, तर मात्र जुलै-ऑगस्टला पर्याय नाही. तिथे पाऊस हाच बहराचा जन्मदाता आहे, आणि जाणाऱ्याने राखीव दिवस हाताशी ठेवूनच जावे. लडाखही दिवाळीचे नव्हे. शाळेच्या वेळापत्रकातून मोकळ्या झालेल्या निवृत्तांनी तिथे सप्टेंबरमध्ये जावे. ही मंडळीही सवयीने मेमध्येच निघतात, याचे वाईट वाटते.

डोंगरातल्या लोकांचे पोट मेच्या हंगामावर आहे, असेही कुणी म्हणेल. पण २०१८ च्या मेअखेरीस शिमल्याच्या नळांना दिवसेंदिवस पाणी नव्हते, लोक टँकरपुढे रांगा लावून उभे होते आणि इकडे येऊ नका, अशी विनंती समाजमाध्यमांवरून पर्यटकांना केली जात होती. सहा आठवड्यांत सगळे पाहुणे आणि उरलेले महिने रिकाम्या खोल्या, ही कमाईची रीत यजमानालाही परवडत नाही.

व्यवहाराचे म्हणाल, तर रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे घरात गणपती बसतात त्या सुमारासच दिवाळीच्या गाड्यांची तिकिटे मिळू लागतात. आरती आटोपून त्याच संध्याकाळी काठगोदाम आणि न्यू जलपाईगुडीकडच्या गाड्या बघून ठेवता येतील.