प्रकल्पवहीतला परका गरुड

शालेय प्रकल्पांचे दिवस आले की वह्या-पुस्तकांच्या दुकानांतून पशुपक्ष्यांचे छापील तक्ते खपू लागतात. 'गरुड' हा विषय मिळालेल्या विद्यार्थ्याच्या वहीत बहुधा पांढऱ्या डोक्याचा, पिवळ्या चोचीचा रुबाबदार पक्षी चिकटवलेला दिसतो. हा पक्षी उत्तर अमेरिकेतला. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये त्याला कायद्याने राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला. भारताच्या आकाशात तो आढळत नाही. तरीही वही भरते, गुण मिळतात, पालक निश्चिंत होतात आणि राधानगरीच्या रानावर घिरट्या घालणारा सर्पगरुड मात्र विद्यार्थ्याला अनोळखीच राहतो.

कोल्हापुरात तरी असे होण्याचे कारण नाही. अंबाबाईच्या मंदिरातील गरुड मंडपाचे नाव येथील मुलाच्या कानावर लहानपणापासून असते. विनतेचा पुत्र, विष्णूचे वाहन म्हणून गरुड त्याला कथेतून ठाऊक असतो. १९५८ मध्ये घोषित झालेले दाजीपूर-राधानगरीचे अभयारण्य जिल्ह्यातच आहे आणि पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत त्याचा समावेश आहे. डोक्यामागे काळा-पांढरा तुरा, चेहऱ्यावर पिवळी त्वचा, उडताना पंखाखाली दिसणारा रुंद पांढरा पट्टा आणि दूरवर ऐकू जाणारी शीळ, एवढ्या खुणा सर्पगरुड ओळखण्यास पुरेशा आहेत. श्रद्धा आहे, शेजारही आहे. उणीव आहे ती ओळखीची.

ही उणीव किती महागात पडते, हे गिधाडांच्या बाबतीत देशाने अनुभवले आहे. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये सरकारने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. परंतु घट मुळात लक्षात आली ती भरतपूरच्या केवलादेव उद्यानात कोणीतरी चिकाटीने घरटी मोजून ठेवली होती म्हणून. गावोगावची गिधाडे निघून गेली तेव्हा तेथे कोणाच्याही वहीत तारीखवार नोंद नव्हती. सीतेसाठी प्राण वेचणाऱ्या जटायूची कथा घरोघरी सांगणाऱ्या समाजाला त्याचे वंशज दिसेनासे झाल्याचे भान उशिरा आले, ही वस्तुस्थिती विचार करायला लावणारी आहे.

मग वर्गातला प्रकल्प कसा असावा? त्यासाठी जंगल गाठण्याची गरज नाही. घार हीदेखील गरुडाच्याच कुळातली. शाळेच्या पटांगणावर खडूने तिच्या पंखांचा सुमारे दीड मीटरचा विस्तार आखून मुलांना त्यात हात पसरून उभे करावे. माप आपोआप लक्षात राहते. रंकाळ्याच्या काठावर खाचेच्या शेपटीची साधी घार आणि विटकरी अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार यांतील भेद मुलांनी स्वतः शोधावा. ऊन तापल्यावर जमिनीलगतची हवा गरम होऊन वर चढते आणि तिच्या आधाराने घार पंख न हलवता उंची गाठते. विज्ञानाचा हा धडा पन्हाळ्याच्या तटावरून प्रत्यक्ष पाहता येतो. आणि प्रत्येकाने घरातील आजी-आजोबांना विचारावे, गावात गिधाडे शेवटची केव्हा पाहिली, कोठे पाहिली? अशा चाळीस उत्तरांतून तालुक्याचा एक हरवलेला इतिहास उभा राहील.

शिक्षकांवर शाळाबाह्य कामांचा भार आहे, मुलांना बाहेर नेणे जोखमीचे आहे, हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु महिनाभर रोज दहा मिनिटे शाळेच्या गच्चीवरून आकाश पाहण्यास खर्च नाही व विशेष जोखीमही नाही. बदलावी लागेल ती गुण देण्याची रीत. सजावटीला गुण देणे थांबवून तारीख, वेळ, स्थळ आणि वर्तन यांच्या नोंदीला गुण द्यावेत. 'आज काही दिसले नाही' ही प्रामाणिक नोंदही तितकीच मोलाची मानावी. शिस्तही हवीच. घरट्याजवळ जाऊ नये, छायाचित्रासाठी पक्ष्याला उठवू नये, जखमी पक्षी आढळल्यास वनखात्याला कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना दिलेले संरक्षण मुलांना याच निमित्ताने समजेल.

अनुकूल चौकट तयारच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्यात साजरा होतो. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्या भूमीतील शाळांनी यात पुढाकार घ्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पालकांनीही तयार तक्ता आणून देण्याचा मोह आवरावा आणि एका रविवारी मुलाबरोबर तासभर आकाशाकडे पाहावे. सुटीत मुलांना गडावर नेणाऱ्या कार्यकर्त्यांनी इतिहासाच्या जोडीने एक नोंदवही सोबत ठेवावी. मातृभूमीवर प्रेम करायचे तर तिचे डोंगर, तिची झाडे आणि तिचे पक्षी नावानिशी ठाऊक असले पाहिजेत. ज्याची ओळखच नाही, त्याच्या रक्षणासाठी कोण उभे राहणार?