एका भोकाची तजवीज
मध्ये निमुळती मुख्य होडी आणि दोहों बाजूंस, आपल्या कोकणी होडीच्या एकुलत्या उलांडीची आठवण करून देणाऱ्या, दोन पोकळ उलांड्या अशी रचना असलेली ‘ट्रायमरान’ ही शिडाची नौका घरच्या अंगणातही बांधता येते, हे कॅलिफोर्नियातील आर्थर पायव्हर यांनी १९६० साली स्वतः बांधलेल्या प्लायवूडच्या नौकेतून अटलांटिक ओलांडून सिद्ध केले. आणि तेव्हापासून कित्येक गृहस्थ अशा नौकांत स्वहस्ते सुधारणा करीत आले आहेत. शीड आखडण्याच्या दोऱ्या सुकाणूधाऱ्याच्या हाताशी आणणे, होडी आणि उलांड्या यांमधील जाळी नव्याने ताणून बांधणे, ही कामे उपयुक्त खरीच. परंतु माझ्या मते कसोटी लागते ती शिडाची दोरी अडकविण्याची एखादी कडी बसविण्यासाठी पाडलेल्या क्षुद्र भोकाशी, कारण त्यातून झिरपलेले पाणी प्लायवूडच्या थरांत मुरून लाकूड आतल्या आत कुजविते, आणि वरचा रंग शाबूत असल्याने मालकास त्याची खबरही लागत नाही. म्हणून जाणता कारागीर भोक प्रथम हवे त्याहून मोठे पाडतो, त्याच्या उघड्या कडांत इपॉक्सी मुरवून ते पुरते भरून टाकतो, भरण कठीण झाल्यावर तिच्या मध्यावर बोल्टच्या मापाचे नवे छिद्र घेतो आणि आतल्या बाजूस रुंद पट्टीचा आधार देतो. एका कडीपायी दोन दिवस खर्ची पडतात. ते मी आनंदाने देईन, कारण भर वाऱ्यात शिडाची ओढ तिच्यावर येते.