मांडणीत अठरा, वावरात दोन

आज अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. घरोघर पितरांच्या नावाने घागर भरली जाईल, पानात आंब्याचा रस येईल. दिवस कलल्यावर जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावाबाहेरच्या वावरात वाघ घराण्याचे वारस घट मांडतील. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही मांडणी तीनशेहून अधिक वर्षांची असल्याचे सांगितले जाते. पुंजाजी महाराज आणि सारंगधर महाराज ही नावे वऱ्हाडाबाहेर, खानदेश-मराठवाड्यातल्या कास्तकारालाही ठाऊक आहेत. उद्या सूर्योदयाला घटाची पाहणी होईल आणि पाऊसपाणी, पिके, रोगराई, राजा यांचे भाकीत सांगितले जाईल. ज्याला जमेल तो पहाटेच वावरात पोचेल, ज्याला जमणार नाही तो मोबाइलवर बातमीची वाट पाहील.

मांडणी कशी असते, ते ज्यांनी फक्त बातमी वाचली त्यांच्यासाठी थोडक्यात. वावरात गोल घट आखतात. त्याच्या मधोमध खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या नावाने एकेक. त्यावर पाण्याने भरलेली घागर. घागरीवर पुरी, करंजी, पापड, सांडई, कुरडई. शेजारी विड्याचे पान आणि सुपारी. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे तिजोरी, पान-सुपारी म्हणजे राजा आणि त्याची गादी, सांडई-कुरडई म्हणजे चारा. आणि भोवती गोलाकार १८ धान्ये. रात्रभर तिथे कोणी फिरकत नाही. सकाळी कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य जागेवर राहिले, कोणते विखुरले, यावरून वर्षाचा अंदाज बांधतात.

या भाकिताबद्दल दरवर्षी तोच वाद होतो. एक बाजू म्हणते, पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा आहे, खरे ठरते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते म्हणतात, रात्रीतून उंदीर, मुंग्या आणि वारा यांनी दाणे हलवले तर त्याचा मोसमी पावसाशी काय संबंध? आमचे मत स्पष्ट आहे. पेरणी भाकितावर करू नये. वैशाखातल्या एका रात्री ढेकूळ भिजते ते वरच्या घागरीतून पाझरलेल्या पाण्याने. ऑगस्टात बंगालच्या उपसागरावर काय घडणार, हे त्या ढेकळाला कळण्याचा मार्ग नाही. शिवाय ‘जुलैत साधारण, ऑगस्टात चांगला’ अशा शब्दांत पाऊस आता मावतही नाही. २०२३ सालचे उदाहरण या तालुक्यात कोणी विसरलेले नाही. मृग कोरडा गेला, मोसमी पाऊस विदर्भात यायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. पेरण्या कशाबशा झाल्या आणि २२ जुलैला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांवर आभाळ फाटले. सातपुड्यातून उतरलेल्या नाल्यांनी उगवलेले पीक मातीसकट खरडून नेले. त्यानंतरचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. एकाच हंगामात उशीर, पूर आणि उघाड. महिन्याची बेरीज सांगून यातले काय हाती लागणार?

पण लोकांच्या निरीक्षणाला सरसकट मोडीत काढणेही आम्हाला मान्य नाही, आणि त्याला कारण आहे. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले बटाटा पिकवणारे शेतकरी जूनच्या अखेरीस, सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास, पहाटे कृत्तिका नक्षत्र पाहतात. तारे ठळक दिसले तर लागवड वेळेवर, मंद दिसले तर काही आठवडे पुढे. ही रीत शेकडो वर्षांची. २००० साली बेन ऑर्लोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये तिचा उलगडा प्रसिद्ध केला. एल निनोच्या वर्षी तिथे आकाशात फार उंचावर विरळ ढगांचा थर वाढतो, त्यामुळे कृत्तिका मंद दिसतात. आणि त्याच वर्षी पुढचा पाऊस कमी पडतो. शेतकऱ्यांना एल निनो माहीत नव्हता, पण त्याची खूण त्यांनी ओळखली होती. तिथे कारण सापडले आणि रीत कसोटीला उतरली. भेंडवळलाही तोच न्याय लावावा. राज्यात २०१७ पासून महावेध प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. उद्याचे भाकीत लिहून ठेवावे, चार महिन्यांनी मंडळातल्या पर्जन्यमापकाचे आकडे शेजारी मांडावेत आणि दोन्ही गावात फलकावर लावावेत. दहा वर्षे असे केले तर वादाला जागा उरणार नाही. यात कोणाच्या श्रद्धेचा अपमान नाही.

मात्र आजचा अग्रलेख भाकितासाठी नाही. बातम्यांत दरवर्षी राजाची गादी मोठी होते आणि धान्ये मथळ्याखाली दबतात. आम्हाला त्या धान्यांकडे पाहायचे आहे. अंबाडी, सरकी, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, करडी, मसूर, बाजरी, गहू, भादली, धान, वाटाणा, लाख… ही यादी एखाद्या पंडिताने पोथीतून काढलेली नाही. ती या पट्ट्यातल्या कास्तकाराच्या घरातल्या कणगीची यादी आहे. ज्याने ती मांडली, त्याच्या हाताखालून हे दाणे पेरणीत, खुडणीत आणि मळणीत गेले होते. घटातल्या धान्यांचा अर्थही वावरातूनच आलेला दिसतो. करडीवरून देशाच्या संरक्षणाचे भाकीत सांगतात. करडीच का? रब्बीच्या पिकाभोवती धुऱ्याला करडीचे तास टाकायचे, म्हणजे काट्यांमुळे ढोरे आत शिरत नाहीत, ही जुनी रीत ज्याला माहीत आहे त्याला हे कोडे पडणार नाही. पिकाची राखण करणारी करडी देशाचीही राखणदार झाली असावी, असा आमचा तर्क आहे. अंबाडीचेही तसेच. पाल्याची भाजी, बोंडांची चटणी आणि वाखाचे दोर, म्हणजे बैल बांधायचे दावे सुद्धा त्याच धुऱ्यावरून येत होते.

निसर्गाशी माणसाचे नाते डोळ्यांनी जडते तसे हातांनीही जडते, आणि शेतकऱ्याच्या बाबतीत हातांनी जडलेले अधिक पक्के असते. कोणती माती कधी वाफशावर येते, तुरीचा तास किती अंतरावर टाकला म्हणजे पराटीला सावली पडत नाही, मुगाच्या शेंगा पहाटेच्या दहिवरात तोडाव्यात म्हणजे फुटत नाहीत, हे सगळे कामातून कळते. काम गेले की हे कळणे एका पिढीत पुसले जाते आणि मागे विधी तेवढा राहतो. भेंडवळची आज तीच स्थिती आहे. घटात अठरा धान्ये आहेत, भोवतालच्या शिवारात खरिपाची मुख्य पिके दोनच उरली आहेत, कपाशी आणि सोयाबीन. बांधाबांधावर थोडी तूर, डोंगराच्या पायथ्याला संत्रा, पाणी असेल तिथे केळी. ज्या धान्यांचा पेराच तालुक्यात उरलेला नाही, ती मांडणीसाठीसुद्धा बाजारातूनच आणावी लागणार.

हे काही कास्तकाराच्या आळसाने झालेले नाही. नव्वदच्या दशकात सोयाबीन आले. तीन-साडेतीन महिन्यांत हाती येणारे, रोख पैसा देणारे आणि मागे हरभऱ्याला रान मोकळे करणारे पीक कोण नाकारील? मूग, उडीद आणि ज्वारीची जागा त्याने घेतली. २००२ मध्ये बीटी कपाशीला मंजुरी मिळाली आणि घरची सरकी राखून ठेवण्याची रीत काही वर्षांत संपली. बियाणे दरवर्षी पाकिटातून येऊ लागले. खरे नुकसान त्यापुढच्या साखळीत आहे. ज्वारी गेली म्हणून कडबा गेला. कडबा गेला म्हणून गोठ्यातली बैलजोडी परवडेना. बैल गेले म्हणून शेणखत गेले, आणि शेणखत गेले म्हणून काळ्या मातीचा भुसभुशीतपणा गेला. ट्रॅक्टरने नांगरट लवकर उरकते, पण ढेकळे आता लवकर फुटत नाहीत, हे कोणताही जुना वखरणारा माणूस सांगेल.

आज एखाद्याने मनावर घेऊन ज्वारी पेरली तरी तिचा निभाव लागणे कठीण आहे. सगळे शिवार ज्वारीचे होते तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांत विभागला जायचा. आता चार गावांच्या पाखरांना दोन एकर ज्वारी सापडते. रात्री सातपुड्यातून रोही आणि रानडुकरे उतरतात. राखणीला मचाणावर बसायला घरात तरुण माणूस नाही, तो पुण्याला किंवा सुरतेला गेला आहे. म्हणून ‘जुनी पिके घ्या’ असा उपदेश शहरात बसून करणे सोपे आणि अन्यायाचे आहे. करडी मात्र इथेही कामाला येते. काट्यांमुळे रोही तिच्या वाटेला फारसे जात नाहीत, त्यामुळे काही कास्तकार पुन्हा तिच्याकडे वळू लागले आहेत. जुन्या धुऱ्यावरचे शहाणपण संकटात असे उपयोगी पडते.

तालुक्याच्या दक्षिणेला पूर्णेकाठी आणखी एक गोष्ट आहे, खारपाण पट्टा. बुलढाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट. ते पिण्याने गावोगाव मूत्रपिंडाचे विकार बळावले, आणि त्याच पाण्याने ओलीत केले तर काळी जमीन चोपण होते. विहीर खणून उपयोग नाही, हे जुन्या माणसाला ठाऊक होते. म्हणून त्याने मातीच्या ओलीवर शेती बसवली. पावसाळ्यात जमिनीत मुरलेली ओल धरून ठेवायची आणि तिच्यावर हरभरा, करडी, जवस काढायचे. देशी कपाशीचे सोटमूळ खोल जाऊन खालची ओल शोधते, हेही त्याला माहीत होते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे वाण जपले आणि सुधारले आहेत. ते खारपाणातल्या कास्तकाराच्या वावरापर्यंत फारच थोडे पोचले. घटातल्या अठरांपैकी निम्मी तरी धान्ये या कोरड्या, ओलीवरच्या शेतीची आहेत. खारपाणातल्या माणसासाठी ती आठवण म्हणून नव्हे, उपाय म्हणून महत्त्वाची आहेत.

उत्तरेला सातपुडा आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या डोंगरपायथ्याच्या काही गावांत निहाल समाज राहतो. त्यांची निहाली भाषा जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी जुळत नाही, आणि ती बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार आहेत. या दिवसांत मोहाची फुले वेचून होत आलेली असतात आणि तेंदूपानाचा हंगाम तोंडावर असतो. वेचणारा माणूस झाडाला त्याच्या बहरावरून, सालीवरून, पाखरांवरून ओळखतो, आणि ती ओळख त्याच्या भाषेत साठलेली असते. वेचणे थांबले की ते शब्द मुलांच्या तोंडी यायचे नाहीत. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत छत्तीस वर्षे काढली आणि जंगलातल्या माणसांकडून ऐकलेले, स्वतः पाहिलेले लिहून ठेवले. कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या बाजूला बांधले यावरून पावसाचा अंदाज कसा घेतात, हेही त्यांनी नोंदवले. वनाधिकाऱ्याच्या कामात असे ऐकून घेणे बसते, हे त्यांनी दाखवले. जून २०२५ मध्ये ते गेले. निहालांच्या गावांत जाऊन झाडापाल्याची नावे टिपणारा दुसरा चितमपल्ली सरकारी नोकरीत आज आहे का, हे वनखात्याने स्वतःला विचारावे.

उद्या पहाटे भेंडवळच्या वावरात हजारो कास्तकार एकत्र येतील. कोणत्याही कृषी मेळाव्याला मांडव घालून, बस पाठवून एवढी गर्दी जमत नाही. तीही पेरणीच्या तोंडावर, पिकांचाच विचार डोक्यात घेऊन. कृषी विभागाने आणि विद्यापीठाने या सकाळी तिथे असावे. भाकिताला विरोध करायला नव्हे किंवा त्याला मान डोलवायलाही नव्हे, बियाणे घेऊन. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातल्या गाडग्या-मडक्यांतून गावरान वाणांची बँक उभी केली आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना जे एका घरातून जमले ते अठरा धान्यांची परंपरा सांगणाऱ्या गावाला जमू नये, असे काही नाही. मांडणी होते त्या शिवारातच काही गुंठे राखून ही अठरा धान्ये पिकवावीत आणि पुढच्या आखाजीला घटात त्याच वावरातला दाणा पडावा. वाघ घराण्याने मनावर घेतले तर या एका गोष्टीला कोणी नाही म्हणणार नाही.

बियाणे दिल्याने पेरा वाढत नाही, तो भावाने वाढतो. ज्वारीचा हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, खरेदी केंद्र मात्र माल व्यापाऱ्याच्या घरी गेल्यावर उघडते. ते पीक निघण्याआधी सुरू झाले पाहिजे, आणि करडी, जवस, तीळ यांचीही खरेदी तालुक्याच्या ठिकाणी झाली पाहिजे. रोही-रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा आठ दिवसांत व्हावा आणि भरपाईत ज्वारी, मूग पेरणाऱ्याला झुकते माप मिळावे. जिल्हा प्रशासनाने याचा निर्णय मृगाच्या आत घ्यावा; पेरणी झाल्यावर त्याचा काही उपयोग नाही.