वजनाची वही आणि कमरेची फीत

हिंगोली जिल्ह्यात तराजूंची वाण नाही. हळदीच्या हंगामात हिंगोली आणि वसमतच्या मोंढ्यांत काटे अखंड चालू असतात, स्वस्त धान्याच्या दुकानात गहू-तांदूळ तोलला जातो आणि अंगणवाडीत मुलाचे वजन करून त्याची नोंद तक्त्यावर होते. हळद जास्त भरावी, धान्य पुरे भरावे आणि मुलाचे वजन वाढावे, एवढीच या तीन काट्यांकडून अपेक्षा. आता त्यांत चौथ्याची भर पडली आहे. भाकरी-भात कमी करून, साखर सोडून, रोज सकाळी काट्यावर उभे राहायचे आणि आकडा उतरला की वहीत टिपून ठेवायचा, हा परिपाठ शिक्षक, व्यापारी, कारकून आणि बागायतदार यांच्या घरांत रुजू लागला आहे. ज्या जिल्ह्यात एका काट्यावर वजन वाढावे म्हणून सरकार खर्च करते, तेथेच दुसऱ्या काट्यावर ते घटावे म्हणून माणसे धडपडतात. हा विरोधाभास हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच ताट आहे.

वजनाची वही ही काही आजची कल्पना नव्हे. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा विल्यम बँटिंग हा व्यावसायिक १८६२ साली २०२ पौंड वजनाचा होता आणि उंची मात्र साडेपाच फुटांहूनही कमी. विल्यम हार्वे या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडले. वर्षभरात त्याचे वजन १५६ पौंडांवर आले. १८६३ साली त्याने हा अनुभव पुस्तिकेच्या रूपाने लोकांपुढे ठेवला, आणि तारीखवार वजनांचा तक्ताही त्यात छापला. पिष्टमय पदार्थ कमी करून वजन उतरवण्याच्या आजच्या साऱ्या पद्धती या पुस्तिकेच्या वंशातल्या आहेत. तिचे महत्त्व पथ्यापेक्षा तक्त्यात अधिक आहे. आपल्या देहाचा जमाखर्च आपणच ठेवावा, हा विचार तिने रूढ केला.

मराठवाड्यात ही सवय लावण्याचे श्रेय बव्हंशी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या प्रचाराला द्यावे लागेल. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना त्यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे दिवसातून दोनदाच जेवण्याचा मार्ग सांगितला, आणि २०१८ मध्ये राज्य शासनाच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेतही त्यांचे नाव पुढे आले. हा मार्ग पिष्ट वर्ज्य करण्याचा नसून जेवणाच्या वेळा कमी करण्याचा आहे, आणि त्यावर आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र त्यातील एक शिस्त मतभेदांपलीकडची आहे. आरंभी वजनाबरोबरच कमरेचा घेर मोजायचा, रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी करायची आणि तीन महिन्यांनी तेच पुन्हा पाहायचे. म्हणजे केवळ काट्याच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही.

ही सावधगिरी भारतीयांना विशेष आवश्यक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्याने दोघांना एकाच पंक्तीत बसवले, देहाने नाही. आपल्याकडचा हडकुळा दिसणारा माणूसही पोटात चरबी बाळगून मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो. म्हणूनच भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर यांपलीकडे गेला की तो धोक्याचा इशारा समजतात.

उलट, काटा खाली आला म्हणजे चरबीच गेली असेही नाही. पिष्ट एकाएकी तोडले की शरीरातील साठवणीची साखर संपते आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेले पाणी बाहेर पडते. पहिल्या आठवड्यातील दोन-तीन किलोंचा आनंद पुष्कळसा पाण्याचा असतो. पुढे आकडा अडला की माणूस खचतो आणि पथ्य सोडतो, किंवा अधिक उपाशी राहून स्नायू गमावतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ व्यक्तींवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षाअखेर कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलोंनी, तर कमी पिष्ट घेणाऱ्यांचे ६ किलोंनी उतरले. हा फरक नगण्य होता. जादू कोणत्याच पथ्यात नाही. जे दीर्घकाळ पाळता येते तेच पथ्य खरे.

येथे हिंगोलीचा प्रश्न उभा राहतो. या जिल्ह्यातील माणसाने पिष्ट कमी करायचे म्हणजे ताटातून काय काढायचे आणि त्या जागी काय ठेवायचे? भारतीयांना सरासरी ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून मिळते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून निघालेल्या २०२५ च्या निबंधाने दाखवले. तृणधान्यांतून ४५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा नसावी, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची शिफारस आहे. परंतु सांगणे सोपे आहे. येथील शेतकरी सोयाबीन, तूर आणि हरभरा पिकवतो, म्हणजे प्रथिने पिकवतो. ती बाजारात जातात आणि शिधापत्रिकेवर त्याच्या घरी येतो तो गहू आणि तांदूळ. ज्वारीची जागा शेतात सोयाबीनने घेतली, ताटात गव्हाने आणि भाताने घेतली. पुढे दिवसभराच्या गोड चहाची भर. नर्सी नामदेवच्या वाटेवर एकादशीचे व्रत मनोभावे करणारा भाविकही उपवासाला साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे निखळ पिष्टच खातो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही.

तेव्हा पथ्य करायचे तर भाकरीवर पहिला घाव घालण्याचे कारण नाही. साखर, चहातील गोडी, मैद्याचे पदार्थ, फरसाण आणि भाताचा दुसरा वाढा हे आधी कमी व्हावेत. त्या जागी घट्ट वरण, उसळ, पालेभाजी, ताक, आणि चालत असेल त्याला अंडी यावीत. शेतात राबणाऱ्या मजुराने दुकानदाराचे अनुकरण करून भाकरी अर्धी केली आणि बदल्यात काहीच घेतले नाही, तर वजन उतरेल खरे, पण बळही उतरेल. मधुमेहाच्या रुग्णाला तर धोका अधिक आहे. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असताना पिष्ट एकदम तोडले तर रक्तातील साखर जिवावर बेतण्याइतकी घसरू शकते. औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घेतल्याविना असे प्रयोग करू नयेत. गर्भवतींनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून या वाटेला जाऊच नये.

वही ठेवावी, अवश्य ठेवावी. पण तिच्यात रकाने अनेक असावेत. वजन आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, सकाळी अनशापोटी करावे. रोजच्या चढउतारांत मीठ-पाण्याचाच हिशेब असतो. कमरेचा घेर महिन्याला, साखरेची चाचणी तीन महिन्यांनी टिपावी, आणि जिना चढताना वा शेताचा बांध ओलांडताना दम लागतो की नाही, तेही लिहावे.

मात्र सारा भार व्यक्तीच्या निग्रहावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस वर्षांवरील लोकांची माहिती घेताना आशा कार्यकर्ती जो तक्ता भरते, त्यात कमरेच्या घेराचा रकाना आहेच. तो केवळ वर पाठवण्यासाठी न भरता, त्या माणसाच्या हाती त्याची स्वतःची नोंद पडावी. साखरेच्या सरासरीची चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात सुलभ व्हावी. शिधापत्रिकेवर ज्वारी आणि डाळ नियमित मिळावी. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला हे मागणे जड नाही. अंगणवाडीत रोडावलेले मूल आणि घरात पोट सुटलेला बाप, या दोघांना एकाच वाटीभर डाळीची गरज आहे. ती ताटात आली तर दोन्ही काटे योग्य दिशेने हलतील.